दुसऱ्याची झोप

व्हॅनमावशीच्या छातीतला पेसमेकर आधी एका मेलेल्या माणसाचा होता, आणि ही गोष्ट तिच्यापासून कुणी लपवली नव्हती. नवा घ्यायचा तर शाळेची व्हॅन विकावी लागली असती. व्हॅनवर घर चालत होतं. ती विकून हृदय चालवायचं ते कशासाठी, असा तिचा रोखठोक सवाल होता. शेवटी एका धर्मादाय दवाखान्याने मार्ग काढला. माणूस गेला की घरच्यांच्या परवानगीने त्याचं यंत्र काढायचं, निर्जंतुक करायचं आणि ज्याला परवडत नाही त्याला बसवायचं, असं काम तिथे चाले. नव्यासारखंच आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर नणंदेने मात्र चिमटा काढलाच. "वहिनी, जन्मभर माझ्या वापरलेल्या कपड्यांना नाक मुरडलंस. आता घे." टाके ओढले जात होते तरी दोघी पोट धरून हसल्या.

ते हसू फार दिवस टिकलं नाही. सकाळी मुलांना शाळेत सोडून झालं की आपल्या आत कुणीतरी झोपी जातं, हे मावशीच्या लक्षात आलं. झोप तिची नव्हती. तिचे डोळे टक्क उघडे असत, पण हात जड होत, बोटं गार पडत आणि आजूबाजूचे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे वाटत. दिवे लागायच्या सुमारास आतला तो कुणीतरी उठे, आणि ती एकदम ताजीतवानी होई. रोज हेच. सुट्टीच्या दिवशीही हेच. भुताखेतांच्या गोष्टींची तिने आयुष्यभर टिंगल केली होती, पण आपल्याच बरगड्यांमागे कुणी कूस बदलू लागलं तर टिंगल कुणाची करायची? ती घाबरली. स्वतःसाठी कमी आणि मुलांसाठी जास्त, कारण दुपारी शाळा सुटे तेव्हा तो गाढ झोपलेला असे आणि व्हॅनभर मुलं तिच्या भरवशावर बसलेली असत.

दवाखान्यात ती गेली नाही असं नाही. फुकटवाल्यांची तपासणी संध्याकाळी असे. दिवसाच्या वेळा पैसे भरणाऱ्यांच्या. संध्याकाळी तिच्या हृदयाचा ईसीजी काढला की ठोके इतके नेटके, की नाव ठेवायला जागा नाही. तरुण डॉक्टरांनी तिची समजूत घातली. दुसऱ्याची वस्तू अंगात आहे म्हटलं की मन खेळ करतं, काळजी करू नका, म्हणाले. मला एकदा दुपारी तपासा, असं तिने विनवलं, तर ते आपल्या हातात नाही म्हणाले. यंत्र आतून वाचणारा तंत्रज्ञ कितीतरी दवाखाने एकटा सांभाळायचा, त्याच्याकडे नंबर लागायला काही महिने जाणार होते. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्याच्यामागे बाहेर रांग उभी होती, एवढंच.

मग मावशीने तोंड शिवलं. शाळेच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून व्हॅन दारातच बंद उभी राहिली असती. दुपारी ती खिडकी सताड उघडी ठेवी आणि जाग राहावी म्हणून मोठमोठ्याने पाढे म्हणे. मागची मुलं तिच्या सुरात सूर मिसळत. त्यांना वाटे, मावशी मजा करतेय.

एका दुपारी पाढा मध्येच थांबला. वळण आलं आणि मावशी वळलीच नाही. व्हॅन सरळ कालव्याच्या कठड्याकडे निघाली, तेव्हा मागून एक मुलगी अगदी सहज म्हणाली, "मावशी, आपलं घर इकडे नाही." पाय कसाबसा ब्रेकवर गेला. पुढचं चाक कठड्याला टेकून थांबलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, मुलं तर खिदळत होती. मावशीने व्हॅन तिथेच ठेवली, सगळ्यांना ओळीने हात धरायला लावून घरोघर पोचवलं, आणि घरी येऊन किल्ली नणंदेच्या मांडीवर टाकली.

"वन्सं, मी मुलं मारली असती आज," ती म्हणाली, आणि ढसाढसा रडली.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. या खेपेला तिने थट्टा केली नाही. मावशीचं मनगट तिने हातात धरलं आणि तशीच बसून राहिली. एका ठोक्यानंतर दुसरा येतोय की नाही, असं तिला वाटू लागलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती वहिनीला घेऊन दवाखान्यात गेली आणि पैसे भरणाऱ्यांच्या दारात ठाण मांडून बसली. त्यांना हाकलायला आलेल्या डॉक्टरला तिने आधी नाडी बघायला सांगितली. डॉक्टरने हात धरला, घड्याळ लावून ते संथ ठोके दोनदा मोजले आणि आत फोन लावला. महिन्यांचा नंबर मग त्याच आठवड्यात लागला.

तंत्रज्ञाने मावशीच्या छातीवर यंत्र वाचणारी एक चकती ठेवली आणि पडद्यावरच्या नोंदी एकेक करून पाहिल्या.

"यात झोपेची वेळ लावायची सोय असते," तो म्हणाला. "त्या वेळात यंत्र ठोके हळू करतं. आधीचा माणूस रात्रपाळीला असणार. त्याची झोप दिवसाची लावलीय. आम्ही यंत्र धुतलं, बॅटरी तपासली. वेळ बदलायची राहिली. चूक आमचीच आहे."

नणंदेने त्याची अशी काही खरडपट्टी काढली, की दारातली परिचारिका मागे सरली. मावशीला राग येत नव्हता. ती गेले कितीतरी दिवस ज्याला भीत होती, तो दमून घरी येणारा एक माणूस होता.

"तो गेल्यावर हे बंद नव्हतं पडलं?" तिने विचारलं.

"यंत्राला काय कळतं, माणूस गेला ते. आमच्या कपाटात पडलं होतं, तिथेही चालूच होतं."

"कपाटातसुद्धा सकाळी झोपायचं? आणि संध्याकाळी उठायचं?"

"हो," तंत्रज्ञ म्हणाला. "वेळ पुसून टाकतो आता."

नणंद म्हणाली, पुसा एकदाची. मावशीने हात वर करून तंत्रज्ञाला थांबवलं. तिच्या मनात आलं, या आतल्या माणसाला कुणी सांगितलंच नाही. इतके दिवस हा रोज संध्याकाळी कामावर जायला उठत राहिला. तिने पदराआड नेहमी जपलेल्या त्या जागेवर, चकतीच्या कडेला, तळहात टेकवला आणि मान खाली घालून हळूच म्हणाली,

"आता कामावर जायचं नाही हं. झोपा तुम्ही."

मग तिने तंत्रज्ञाला मान हलवून पुसायला सांगितलं.