मिठागराच्या बांधाला बोलावणं

"आज काय म्हणतायत तुमच्या गोदाबाई?" डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं.

"आज खाडीला लग्नाला बोलावलंय," मी वही उघडून वाचायला लागले. "सुपारीशी बोलतात. तिला सांगतात, खाडीच्या घरी जा. मग मिठागराच्या बांधाला निरोप, पाय धुऊन ये. मग वारलेले सासरे काळुराम, त्यांना जेवायला या म्हणून आग्रह. पहाटे पाचपासून हेच चाललंय. मध्ये एकदा थांबल्या, त्या चहासाठी."

डॉक्टर हरिहर ओगले हसले नाहीत. टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले.

"वारलेले सासरे? म्हणजे भास होतायत. मला वाटलं होतं, बऱ्या होतायत. विमलाबाई, विजेचे उपचार थांबवणार होतो, पण आणखी दोन देऊ या."

मी मान डोलावली आणि तेही वहीत लिहून घेतलं. माझं अक्षर मोत्यासारखं, हे अख्खं कल्याण सांगेल. अक्कल मात्र त्या दिवशी कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

ही गोष्ट त्रेपन्न सालची. पारनाक्याजवळ डॉक्टरांनी मनाच्या आजाराचं बारा खाटांचं इस्पितळ काढलं होतं आणि मी तिथली एकुलती एक शिकलेली नर्स. मी साताऱ्याकडची, शिक्षण पुण्यात. रोग्यानं काय खाल्लं, किती झोपला, काय बोलला, शब्द न् शब्द वहीत उतरवायचा, ही माझी शिस्त. गावातली माणसं आमच्या दारावरून जाताना चालण्याचा वेग वाढवायची. पण भाजीवाली रोज आत यायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्या इथं आमच्या घरापेक्षा कमी आरडाओरडा हाय."

गोदाला तिच्या नवऱ्यानं, पंढरीनं, आणलं तेव्हा पाच महिने ती एक अक्षर बोलली नव्हती. कळव्याच्या पल्याड खाडीकाठी त्यांचं गाव. दोघंही मिठागरावर राबणारी. बाकावर बसवली तर बसून राहायची, उठवली तर उठायची. घास तोंडात दिला की तिथेच राहायचा. पंढरी दाराशी उभा राहून टोपी चुरगळत होता.

"गेल्या साली येका लग्नात गाता गाता मधीच थांबली, डाक्टर. शबुदच येईना. लोक बोलले, अपशकुन झाला. त्या दिसापासना अशी. भगताला तीन कोंबड्या दिल्या. तो बोलला, खाडीकाठच्या भुतानं झपाटलंय."

"कोंबड्या कोणी खाल्ल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"भगतानं."

"मग त्याला तरी बरं वाटलं असेल. आता मला सांगा, त्या लग्नाच्या आधी ही कशी होती? झोप? जेवण?"

पंढरी विचारात पडला. हळूहळू एकेक आठवायला लागलं. पावसाळ्यापासूनच पहाटे तीनला उठून बसायची. मासळीला चव नाही म्हणायची. पाटी उचलताना हात गळून जायचे. एकदा म्हणाली होती, मी नसले तरी चालंल तुमचं.

"म्हणजे तुम्ही समजता त्याच्या उलट आहे," डॉक्टर म्हणाले. "गाणं विसरली म्हणून आजारी पडली नाही. आजार आधी आला, म्हणून गाणं विसरली. याला खिन्नतेचा आजार म्हणतात. कुणी झपाटलेलं नाही, कुणाचा शाप नाही. हिवताप अंगाला येतो तसा हा मनाला येतो आणि उपचारानं जातोही."

पंढरी ढसाढसा रडला. इतके महिने त्या माणसाला वाटत होतं, आपण घेतलेल्या नव्या घराच्या जागेत काहीतरी आहे.

आमच्याकडे तेव्हा विजेचा उपचार होता. कानशिलांना पट्टा, दातात रबर, क्षणभराचा झटका आणि मग गाढ झोप. बघणाऱ्याला बघवत नाही, पण चौथ्या उपचारानंतर गोदानं स्वतःची वेणी स्वतः घातली. पाचव्यानंतर ताटात उरलेला भात बोटानं निपटून खाल्ला. आणि सहाव्यानंतर ही पुटपुट सुरू झाली. भिंतीकडे तोंड करून, सूर नाही, ताल नाही, जपासारखं एकसारखं. मी कान देऊन ऐकायची आणि लिहायची. एकोणीस दिवस लिहिलं. वाढीव दोनपैकी एक उपचार शुक्रवारी झाला, दुसरा सोमवारी व्हायचा होता.

रविवारी पंढरी भेटायला आला. हातात केळीच्या पानात बांधलेले सुके बोंबील, सगळ्या वॉर्डाला वास. दारातच थबकला. आत गोदा भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. पंढरीच्या हातातलं पुडकं खाली पडलं.

"घाबरू नका," मी घाईघाईनं म्हटलं. "सध्या जरा बडबड वाढली आहे, पण..."

"बडबड?" तो ओरडलाच. "बाई, ती धवला गातेय! माजी गोदा धवला गातेय!"

"काय गातायत?"

"अवो, लग्नातला धवला! आमच्यात बामन नाय लगीन लावत, धवलारीन लावते. ही आमची धवलारीन हाय. सुपारी पाठवून आधी देवांना बोलवायचं, मग खाडीला, मग घरातल्या गेलेल्या मानसांना. सगल्यांना बोलवल्याबिगर हलद लागत नाय!"

मी वही छातीशी धरून उभी. आमच्याकडे बायका लग्नात गातात म्हणजे विहिणीला चिमटे काढतात. बायकांनी गाऊन लग्न लागतं, हे कुणाच्या बापाला ठाऊक! पंढरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लग्नात गाता गाता थांबली. त्याला पुढचा एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

डॉक्टरांना बोलावलं. पण डॉक्टर ओगले कुणाच्या शब्दावर जाणारे नव्हते. खुर्ची ओढून गोदासमोर बसले.

"गोदाबाई, तुम्ही सासऱ्यांना जेवायला बोलावता. ते तुम्हाला दिसतात का?"

गोदानं मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिचे डोळे नीट पाहिले. मोठे, काळेभोर आणि चांगलेच मिश्कील.

"मेलेला मानूस कसा दिसंल, डाक्टर? तुमाला दिसतो क?"

"मला नाही दिसत. मग बोलावता कशाला?"

"तुमी बामन ना? बापाच्या श्राद्धाला तुमी बोलवता, तवा कोन येतं?"

डॉक्टर जे हसत सुटले, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाई, ज्या कुणाशीच बोलत नसत, त्याही कारण नसताना हसायला लागल्या.

"मग भिंतीकडे तोंड करून का गाता? मोठ्यानं का नाही?"

आता मात्र गोदाचा चेहरा उतरला. "डोस्क्याला वीज लावता ना. मना वाटलं, गानी जलली आसतील. म्हनून रोज आठवून बगते, हायत क नाय." तिनं बोटं मोजली. "शुकरवारपासना धवल्याची येक ओल गेलेय. पन कुठली गेलेय, तीच कलत नाय. जालं फाटलंय ते मासा सुटल्यावरच समजतं, तसा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. शुक्रवारचा उपचार माझ्या मोत्यासारख्या अक्षरामुळे झाला होता.

"चूक आमची झाली," डॉक्टर तिला म्हणाले. अगदी सरळ, हात जोडून. कुठलाही मोठा डॉक्टर तेव्हा मिठागरावरच्या बाईपुढे हात जोडत नसे. "आता उपचार बंद. गेलेलं बरंचसं परत येतं. एखादी ओळ नाही आली, तर मात्र माझ्या नावानं खडे फोडा."

"तीच तर पंचाईत हाय," पंढरी मध्येच म्हणाला आणि खरी गोष्ट बाहेर पडली. मुलीचं, लक्ष्मीचं, लग्न बारा दिवसांवर आलं होतं. नवऱ्या मुलाची आई अडून बसली होती की गोदा गाणार असेल तर वऱ्हाड आणणार नाही. मधेच बंद पडली तर लग्नाला बट्टा. पंढरीनं कशीबशी तडजोड केली होती. गोदाची जोडीदारीण सगुणा शेजारी बसेल. गोदा अडली की तिथून सगुणा पुढे नेईल. पण मग गोदानं उठायचं आणि पुन्हा कुठल्याच मांडवात गायला बसायचं नाही. कायमचं.

"कबूल कशाला केलंत?" मी चिडले.

"मी कबूल केलंय," गोदा शांतपणे म्हणाली. "माज्या पोरीचं लगीन मीच लावीन. नायतर ही वीज तरी कशाला खाल्ली?"

लग्नाला आम्ही दोघं गेलो. कळव्याला उतरून बांधाबांधानं चालत. एका बाजूला मिठाचे पांढरे ढीग, दुसरीकडे चिखल आणि डॉक्टरांच्या पायात नवीकोरी पंपशू. दोनदा घसरले. दुसऱ्यांदा मी हात दिला नाही, कारण मला हसू आवरत नव्हतं.

मांडवात गोदा पाटावर बसली होती, हिरवं लुगडं, नाकात नथ. शेजारी सगुणा. समोर मुलाची आई अशी बसलेली की जणू परीक्षक. आणि गोदा गायला लागली.

एकोणीस दिवस मी जे ऐकलं होतं ते हेच, यावर माझा विश्वास बसेना. जप नव्हताच तो. मोठा, मोकळा आवाज, शेवटाला उंच जाणारा. सुपारी निघाली. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. खाडीच्या घरी गेली, खाडीला सांगितलं, लेकीचं लगीन हाय. बायका तिच्यामागून ओळ ओढत होत्या. लक्ष्मी मान खाली घालून हळदीची वाट पाहत होती.

आणि गोदा थांबली.

गोदाचे ओठ हलले, शब्द नाही. मला तिचा पाटावरचा हात दिसत होता, पाटाची कड घट्ट धरलेला. सगुणानं तोंड उघडलं आणि मिटलं. प्रत्येक घराचं बोलावणं वेगळं. या घराचं फक्त गोदालाच ठाऊक. मुलाची आई उठायला लागली. पंढरीनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली.

मिठागर! अहो, मिठागर राहिलं! वहीतलं पान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं, वरून चौथी ओळ, खाली माझी रेघ. खाडीनंतर सासरे नाहीत, खाडीनंतर बांध.

"मिठागराच्या बांधाला सांग, पाय धुऊन ये!" मी उभी राहून ओरडले. माझ्या पुणेरी ठसक्यात, शाळेतल्या कवितेसारखं.

दोनशे माना माझ्याकडे वळल्या. गोदाही वळली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला सांगता येणार नाही, पण पाटाची कड तिनं सोडली.

"ही कोन?" मुलाची आई कडाडली.

"धवलारीन हाय," पंढरी डोळे न उघडता म्हणाला. "कल्यानची."

मांडव असा फुटला हसून की विचारू नका. म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. "सांग काय, सांग! मास्तरीन गातेय बग!" मुलाची आई तोंडाला पदर लावून उभी होती. तिचे खांदे आधी हलले, मग ती खाली बसली.

"मग तिकडं कशाला उभी हाय? हितं बसवा तिला," ती म्हणाली. "आडली तर दोगी हायत."

मला गोदा आणि सगुणाच्या मध्ये कोंबलं. गोदानं ओळ उचलली. मिठागराचा बांध पाय धुऊन आला. मागून सासरे काळुराम आले, जेवायला बसले. लक्ष्मीला हळद लागली. पुढे गोदा कुठेच अडली नाही आणि मी मात्र शेवटपर्यंत नको तिथे 'जी जी' म्हणत राहिले.

बारा दिवस ती वही माझ्यापाशी होती, पण गोदाला वाचून दाखवावी, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. निघताना डॉक्टर पंपशू हातात घेऊन चालत होते. मध्येच म्हणाले, "विमलाबाई, आजपासून वहीत एक रकाना वाढवा. रोगी काय बोलला, याच्यापुढे, ते त्याच्या घरी कुणाला समजलं का." तो रकाना आमच्याकडे शेवटपर्यंत राहिला. त्यापायी निदान तीन माणसं शहाणी ठरली.

डॉक्टर सत्तावन्नच्या पावसाळ्यात गेले. हृदयविकार. बारा खाटा दुसऱ्या डॉक्टरांनी चालवायला घेतल्या, मी तिथेच राहिले.

अठ्ठावन्नच्या वैशाखात गोदाच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. पंढरी सुपारी घेऊन स्वतः आला. मी गेले. आता गोदाचे केस पिकले होते आणि आवाज आणखी जाड झाला होता. मधल्या काळात एकदा तिला पुन्हा उदास वाटायला लागलं, तेव्हा ती आपल्या पायांनी कल्याणला आली होती, महिनाभर राहून बरी होऊन गेली होती. त्यात कुणालाच काही विशेष वाटलं नव्हतं. भगताकडे त्या वेळी कोंबडी गेली नाही.

मला तिनं जवळ बसवून घेतलं. सुपारी निघाली. देव आले, खाडी आली, मिठागराचा बांध आला. त्या ओळीवर तिनं मला कोपरानं ढोसलं आणि बायका हसल्या. मग गेलेली माणसं. सासरे काळुराम, त्यांच्यामागून सासू.

आणि मग गोदा थांबली नाही, सूरही बदलला नाही. सुपारीला म्हणाली, कल्यानला जा, पारनाक्याला जा, हरिहर डाक्टरला सांग, लेकाचं लगीन हाय, बांधानं ये, पायताण हातात घेऊन ये.

मागच्या बायकांनी ओळ ओढली. मी पण ओढली. आणि मग गोदानं पंढरीला खूण केली, त्यानं माझ्या शेजारी एक पाट आणून मांडला.