पिंपाची भट्टी

मी भट्टी बोलतेय. विटांची नाही, कारखान्यातली तर नाहीच. एका घराच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीपासून जरा लांब उभी असलेली, पत्र्याच्या पिंपाची भट्टी.

आधी मी नुसतं ऑइलचं पिंप होते. ऑइल संपलं आणि एका गॅरेजमागे गंजत पडले. तिथून मला एका निवृत्त फिटरने घरी आणलं. त्यांच्या सुनेला मातीची भांडी घडवायचा नाद होता. तिचं चाकही त्यांनीच जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरवर बसवून दिलं होतं. भांडी छान व्हायची, पण भाजायला लांबच्या कार्यशाळेत न्यावी लागायची आणि कच्ची भांडी वाटेतच मोडायची. एकदा ती तुकड्यांनी भरलेलं खोकं घेऊन परत आली आणि चाकावर कापड टाकून बसली.

"आपणच भट्टी करू," सासरे म्हणाले. यंत्रांच्या गोंगाटात त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते जरा मोठ्यानेच बोलले. आतल्या खोलीत मुलाने ते ऐकलं.

मुलगा इस्पितळात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नर्स होता. तो दारात येऊन उभा राहिला. "माझ्या वॉर्डात आलेला प्रत्येक माणूस आधी 'काही होत नाही' असंच म्हणालेला असतो," एवढंच बोलून तो आत गेला. त्यानंतर घरात बोलणं कामापुरतंच उरलं.

तरी मी घडत गेले. सासऱ्यांनी ग्राइंडरने माझं तोंड कापलं, खाली बर्नरसाठी भोक पाडलं. सुनेने तोंडाला मास्क बांधून आतून उष्णता धरणारी लोकरीसारखी पांढरी गादी लावली. सिलिंडरच्या गॅसवर चालणारा पाइपचा बर्नर झाला, झाकण झालं. मुलगा येता-जाता माझ्याकडे असा बघायचा, जणू मी त्याच्याच घरात कोणाची तरी वाट बघत दबा धरून बसलेय.

पहिल्यांदा मला पेटवलं तेव्हा आतली भांडी अजून पुरती सुकलेली नव्हती, म्हणून आच अगदी मंद ठेवली होती. सासरे शेजारी स्टुलावर बसले होते. सून कपांच्या कडा घासत होती, मास्क तोंडावर तसाच. मुलगा स्वयंपाकघरात, अंगणाकडे पाठ करून उभा होता.

आणि वाऱ्याचा एक झोत आला.

माझ्यातली ज्योत विझली. गॅस मात्र येत राहिला. तो जड, तळाशी साचत गेला. मला तो माझ्या पोटात चढताना कळत होता, पण ओरडायला मला गळा कुठे? सासऱ्यांना बर्नरचा आवाज थांबल्याचं कळलं नाही. मास्क आणि उलटा वारा, त्यामुळे सुनेला वास आला नाही. थोड्या वेळाने तिने भोकातून डोकावून पाहिलं. आत अंधार. विझली वाटतं, असं पुटपुटत तिने लायटर उचलला आणि माझ्यापुढे वाकली.

अनवाणी पावलं धावत आली. मुलाने तिचा हात मागे खेचला, लायटर लांब भिरकावला, सिलिंडर बंद केला. मग दोघांना धरून त्याने अंगणाच्या पार टोकाला नेलं. माझ्यातला गॅस निघून जाईपर्यंत त्याने कोणाला जवळ येऊ दिलं नाही.

"काय झालं?" सासरे विचारत राहिले. सून रडत होती, मुलगा तिला धरून उभा होता. अखेर म्हातारे स्वतःच जवळ आले, त्यांनी बर्नरवर हात ठेवला. तो थंड होता. आपण शेजारी बसलेलो असतानाच ज्योत विझली होती, हे त्यांना कळलं.

ते आत गेले आणि पाना घेऊन आले. एकेक नट सोडवायला लागले. मला वाटलं, संपलं. बहिऱ्या माणसाने असल्या कामात पडूच नये, असं काहीतरी ते स्वतःशी म्हणत होते.

मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्यांनी ओठ वाचावेत म्हणून सावकाश बोलला.

"बाबा, राहू द्या. आच तुम्ही बघा. आवाज मी ऐकतो."

"तुला तर ही नको होती."

"अजूनही भीती वाटते. म्हणूनच तर आत उभा राहून कान देत होतो."

म्हाताऱ्यांनी पाना खाली ठेवला.

पुढच्या वेळी वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा राहिला. पेटवण्याआधी झाकण काढून मला मोकळा श्वास घेऊ द्यायचा, असा नियम झाला. सुनेचे काही कप तडकले, बाकीचे खणखणीत निघाले. तिने पहिला कप नवऱ्याच्या हातात दिला. त्याने कप उलटसुलट करून पाहिला आणि कडेवर टिचकी मारून त्याचा आवाज ऐकला.

आता माझी गादी जागोजाग विरलीय, तळ गंजलाय. सुनेने विटांची मोठी भट्टी बांधायला घेतलीय. माझी भाजणी आज शेवटची. तुम्हीही घरी भट्टी करणार असाल तर जरूर करा. फक्त घरात जो घाबरतो, त्याला भित्रा म्हणून आत धाडू नका. त्याला माझ्याजवळची खुर्ची द्या.

वारा सुटलाय. सून काहीतरी सांगायला बाहेर येतेय, मुलगा हात वर करून तिला थांबवतो. मान तिरकी करून ऐकतो. आडोशाचा पत्रा खडखडतो, मग शांत होतो.

तो वडिलांकडे बघून मान डोलावतो. आच चालू आहे.