उंचवटा कुणाचा?

आर्णीच्या अय्याज मेकॅनिकची मुलगी फरहा यवतमाळच्या प्रयोगशाळेत बकरीच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडाच्या, पेशी वाढवायची. सपाट डिशमध्ये त्या भराभर वाढत, पण वाढता वाढता आपलं मूळचं काम विसरत. कूर्चेला लवचीक ठेवणारी खास साखर बनवणंच सोडून देत. म्हणून तिनं काही पेशी जेलच्या मण्यांत वाढवल्या होत्या. तिथं गोल राहिल्या की विसरणार नाहीत, असं तिचं ठाम म्हणणं.

अवरक्त किरण सोडले की प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी ते शोषतो आणि आलेखावर तिथं उंचवटा येतो. त्या सकाळी मण्यांतून सोडवलेल्या पेशींचा आलेख पडद्यावर आला. साखरेच्या ठरलेल्या जागेवर चांगली टेकडीच उभी!

"जमलं ना! आता पेढे कधी खिलवतं?" शेजारच्या टेबलावरून तिचा सोबती क्षितिज ओरडला.

त्यांच्या मार्गदर्शक रत्नप्रभा मॅडम जवळ आल्या. "फरहा, जेल कशाचं असतं?"

"समुद्री शेवाळाच्या..." ती अडखळली. "साखरेचं."

"मग हा उंचवटा कुणाचा?"

फरहाची कानशिलं तापली. एवढी साधी गोष्ट सुटली कशी! पण पेशींवरचा भरवसा काही हलला नाही.

"मॅडम, धुऊनही थोडं जेल चिकटून राहिलं असेल. बकरीच्या कातडीच्या पेशी अशाच मण्यांत वाढवते. जेल त्यांनाही चिकटेल, पण कूर्चेची साखर त्या बनवत नाहीत. त्यांचा आलेख वजा करू. तरी उंचवटा उरेल."

"उरेल?"

"उरणारच."

मॅडम गेल्यावर क्षितिज म्हणाला, "एवढ्या ठसक्यानं काहून बोलली? नाही उरला तं?"

"तं तसंच सांगीन."

काही आठवड्यांनी कातडीच्या पेशींचा आलेख काढला. त्यांच्यातही उंचवटा आला. मॅडमची शंका खरी होती. तो वजा केल्यावर फरहाच्या टेकडीची निम्मी उंची गेली. उरलेली मात्र हटेना. नवे नमुने लावले, तरी तिथंच. सपाट डिशमधल्या पेशींत ती जवळजवळ नव्हतीच.

"अर्धी गेली की वो," क्षितिज हळहळला.

"जेलची गेली. माझ्या पेशींची जिथल्या तिथं आहे."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. "बोल, शोधनिबंधात आधी काय दाखवायचं?"

"कातडीच्या पेशींचा आलेख. जेलचा वाटा आधी दिसू दे," फरहा म्हणाली आणि तिनं नवं पान उघडलं.