मामांचा हातगुण

भेटीच्या दिवशी मनोरुग्णालयाच्या पुरुष वॉर्डात नातेवाईक डॉक्टरांना सोडून मामांच्या पाया पडायचे. मामा म्हणजे तिथले सर्वांत जुने सेवक. रुग्ण कितीही खवळलेला असो, मामांनी त्याला मागून कवेत घेऊन मानेवर हात ठेवला, काहीबाही पुटपुटलं, की दहा आकडे मोजेपर्यंत त्याचा लोळागोळा. "हात माझा नाही हो, वरच्याचा," असं म्हणत मामा खिशातला कंगवा काढून केस सारखे करत. वरच्याला बहुधा दुसरी कामं उरली नसावीत.

वॉर्डातल्या सिस्टरचाही विश्वास होता. नऊ वर्षं तिने नोंदवहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मामांच्या स्पर्शाने शांत.'

मग एक सुतार दाखल झाला. भिंतीतून कोणी बोलतंय, असं त्याला वाटायचं. एका दुपारी तो गजांवर डोकं आपटू लागला. भेटीला आलेल्या बायकोनेच मामांना हाक मारली. सुतार शांत झाला. डोळे उघडले तेव्हा त्याचा उजवा हात उचलेना.

"आजार वाढला," मामा म्हणाले. "हाताचा काय दोष?"

अंग पुसताना सिस्टरला त्याच्या जबड्याखाली अंगठ्याएवढा निळा डाग दिसला. तिने जुन्या नोंदी चाळल्या. स्पर्शानंतर नाडी किती, श्वास कसा, हाकेला ओ दिली का, एका पानावरही नव्हतं. दोघा रुग्णांना नंतर झटके आले होते, तेही आजाराच्या खाती टाकलेले. तिने सगळं डॉक्टरांपुढे ठेवलं.

पुढच्या भेटीच्या दिवशी ती सगळ्यांसमोर स्टुलावर बसली. "मामा, माझ्या मानेवर ठेवा हात. अगदी तसाच. डॉक्टर नाडी बघतील."

मामांचा हात तिच्या खांद्यापाशी अडला. "शहाण्या माणसाला कशाला?"

"वरच्याचाच हात आहे ना?"

मामांनी हात मागे घेतला.

"मेंदूला रक्त नेणारी नस दाबली की माणसाची शुद्ध हरपते," डॉक्टर म्हणाले. "कधी अर्धं अंग जातं, कधी जीव."

"मीच बोलावलं त्यांना," सुताराची बायको म्हणाली.

"आणि नऊ वर्षं मीच लिहिलं," सिस्टर म्हणाली. तिला रडू आवरेना.

मामा आता त्या वॉर्डात नाहीत. चौकशी चालू आहे. कोणी खवळला की गर्दी हटवतात, एकजण दोन हात लांब बसून हळू आवाजात बोलतो. कधी तास जातो. काय केलं, काय झालं, नाडीसकट लिहिलं जातं. पाया कोणी पडत नाही. सुतार डाव्या हाताने पेन्सिल धरायला शिकतोय.

कोणाच्या हाताला गुण आहे असं कानावर आलं, तर वाकण्याआधी एवढंच विचारा: नंतर त्या माणसाचं काय झालं, ते कोणी पाहिलं?