दौलतबाबाचा करगोटा

गुरुवारी करी रोडच्या त्या चाळीत पाय ठेवायला जागा नसायची. तळमजल्याच्या खोलीत दौलतबाबा ओरडायचा, "वीतभर आणा, हातभर न्या!" आणि मंतरलेला काळा करगोटा बाळाच्या कमरेला बांधायचा. काही महिन्यांनी करगोटा तटतटला की आई पेढे घेऊन हजर! अहो, पोर वाढलं की करगोटा तटतटणारच. पण ऐकतंय कोण?

त्याच चाळीतल्या दर्शनाचा पुष्कर जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता. सहाव्या महिन्यात त्याची वाढ मंदावली आणि सासूबाई, सुभद्रा, घाबरल्या. त्यांनी दर्शनाला आणि तिच्या नवऱ्याला, राजेशला, बाबासमोर उभं केलं. बाबाने दोघांना नखशिखांत न्याहाळलं.

"करगोटा नाही. बाईचं दूध नासलंय. तोड! वरच्या दुधात निम्मं पाणी आणि माझा अंगारा."

"अहो, पण तो छान पितो..."

"गप र्‍हव गो!" सुभद्रा खेकसली. "बाबांपेक्षा तुका जास्त कळता?"

दर्शनाने दूध तोडलं. काय म्हणावं तिच्या नशिबाला! ते आटलं, आणि पाणीदार दुधावर पोर सुकत गेलं. मग जुलाब लागले. परळच्या इस्पितळात दर्शनाने सहाव्या महिन्यापासूनचं सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टर ॲन्टोनेटनी विचारलं, "घरात उंच कोण आहे?"

"कुणीच नाही. आम्ही दोघं ठेंगणी."

"गरोदरपणी साखर वाढली होती?"

"हो."

"म्हणून तो मोठा जन्मला. जन्माच्या वेळचं माप बरंचसं पोटातल्या पोषणावर ठरतं. पुढे मूल हळूहळू आईबापाच्या मापावर येतं. तुझा मुलगा तेच करत होता गं. त्याला काही झालं नव्हतं."

"मग शेजारच्या मेघनाचा ध्रुव? इवलासा होता, करगोटा बांधला आणि झरझर वाढला!"

"त्याचे वडील कसे आहेत?"

ध्रुवचा बाप हितेंद्र तर दारातून वाकून आत शिरतो. दर्शनाला आता उमगलं. बाबा बाळाकडे बघतच नव्हता! उंच आईबाप दिसले की करगोटा, कारण ते पोर वाढणारच. ठेंगणे दिसले की पोर फार वाढणार नाही, म्हणून आधीच आईचं दूध नासलेलं.

पुष्कर वाचला नाही.

पुढच्या गुरुवारी दर्शना रांगेपुढे उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. आतून बाबा गरजला, "बघा! सांगितलं नव्हतं, हिचं दूध विषारी म्हणून?" बायांनी आपापली बाळं पदराखाली ओढली. रांगेत सुभद्राही होती, भाचीचं बाळ घेऊन. तिने सुनेकडे बघितलंसुद्धा नाही.

"बायांनो, हात जोडते," दर्शना रडत म्हणाली. "बाळाची वाढ खुंटली वाटली तर डॉक्टरला दाखवा. आधी आपल्या उंचीकडे बघा. कुणी बाबा म्हणतो म्हणून अंगावरचं दूध तोडू नका. माझं ऐका, माझं पोर गेलंय."

दर गुरुवारी ती हेच सांगते. रांग तिला वळसा घालून पुढे सरकते.