खडूची फुली

निकिता रेसला जाऊ नये म्हणून मी चार वेळा खोटं बोलले. एकदा तिचं हेल्मेट माळ्यावर लपवलं आणि भंगारवाल्याने नेलं म्हणून सांगितलं. एकदा छातीत दुखण्याचं सोंग केलं. ते इतकं वठलं की डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढायला लावला. उरलेल्या दोन वेळांबद्दल न बोललेलं बरं. प्रत्येक वेळी पकडली गेले, कारण मला खोटं बोलायची हौस दांडगी, अक्कल कमी. हे म्हणायचे, "सुवर्णा, खोटं बोलायला बाई ताकद लागते." चौथ्या वेळी पोरगी भांडली नाही. माझा हात उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि गाडीच्या बाबतीत पुन्हा खोटं बोलणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. मीही मनापासून घेतली.

अंबडला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हे, म्हणजे कोंडाजी, आणि पंचवीस वर्षांपासूनचे आमचे वेल्डर हारुनभाई, असे दोघेच. ग्रिल, गेट, कंपन्यांना लागणारे स्टँड अशी कामं. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ह्यांची जुनी मोटोक्रॉसची गाडी पडून असायची. लग्नाआधी हे तिच्यावरून मातीत उड्या मारायचे. परदेशी गाडी, चाळीस वर्षांपूर्वीची. इंजिन जाम होऊन बसलं होतं आणि त्याचे पार्ट कुठेच मिळत नव्हते. निकिताने मनात घेतलं की जुन्या गाड्यांच्या गटात हीच गाडी पळवायची, दुसरं इंजिन बसवून. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जुनी पाहिजे, इंजिन कुठलंही चालेल, असा नियम होता म्हणे. बापलेकीचं गूळपीठ जुनंच, त्यामुळे मला विचारतो कोण.

इंजिन मिळालं ते एका अपघातात चेपलेल्या गाडीचं. ती चालवणाऱ्याचं काय झालं, असं मी विचारलं. हे म्हणाले, इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. मी काय ते समजले आणि त्या दिवशी जेवले नाही.

नवं इंजिन जुन्यापेक्षा उंच आणि जड. काही केल्या चासीत बसेना. मग पुढची नळी कापून पुढे घेतली, खालच्या दोन नळ्या तोडून लांबवल्या. हारुनभाई पुठ्ठ्याचे साचे कापून इंजिनाला लावून बघायचे, मग तसा पत्रा कापायचे. निकिता कंपनीतून सुटली की थेट तिथे. महिनाभर ती चासी स्टँडवर उलटी टांगलेली होती, खाटकाकडे बोकड टांगतात तशी. मला तिच्याकडे बघवत नसे.

ह्या दोघांची कामाची एक पद्धत होती. जोडावर आधी नुसते वेल्डिंगचे दोन-तीन ठिपके टाकायचे, त्याला ते कच्चा टाका म्हणत. मापं जुळली की मग जोड सगळीकडून पक्का करायचा. कच्च्या जोडाशेजारी खडूने फुली मारायची आणि जो पक्का करील त्यानेच ती पुसायची. फुली नाही म्हणजे काम झालं. पंचवीस वर्षांत दोघांना ह्यावर एक शब्द बोलावा लागला नव्हता, म्हणून मलाही तो कधी ऐकू आला नाही. वर्कशॉपमध्ये माझ्याकडे चहा, फोन आणि खंडेनवमीची साफसफाई.

अष्टमीच्या सकाळी हारुनभाईंना मनमाडहून फोन आला. त्यांची बहीण जहिदा अंगणात कोसळली होती, एक बाजू हलत नव्हती. ते हातातलं काम टाकून तसेच निघाले. हे तेव्हा गेटची मापं घ्यायला बाहेर गेले होते. हारुनभाईंनी रस्त्यातून फोन करून ह्यांना सांगितलं, की फुल्या बघून तेवढे जोड मारून घ्या.

मी दहा वाजता रॉकेलचा डबा आणि चिंध्या घेऊन आले. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात, त्या दिवशी आमच्याकडे मशीन चालू करत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी सगळं लखलखीत लागतं, आणि ह्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. व्हाइस पुसला, ड्रिल पुसलं, ग्राइंडर पुसला. मग त्या चासीला हात घातला. तिचं पोट काजळी आणि ग्रीसने माखलेलं होतं. मागची अर्धी बाजू चकचकीत झाली तेवढ्यात हे आले आणि ओरडले, की तिला हात लावू नकोस, ती मी बघतो. मी चिंधी आपटून चहा करायला गेले. ह्यांना पुढच्या बाजूला एक फुली दिसली. तो जोड ह्यांनी पक्का केला, संध्याकाळी लाल रंग मारला, रात्री इंजिन आणि चाकं चढवली आणि दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घालून गाडी हत्यारांच्या शेजारी पूजेला उभी केली. मीच तिला कुंकू लावलं. कधी नव्हे ते निकिताने माझ्याबरोबर फोटो काढला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी पेठ रोडच्या पलीकडे एका माळावर रेस होती. मी गेले नाही. हारुनभाई आदल्या रात्रीच मनमाडहून परतले होते आणि एक तातडीचा स्टँड पुरा करत वर्कशॉपमध्ये एकटेच होते, म्हणून त्यांना डबा द्यायला गेले. बघते तर नव्या स्टँडवर खडूच्या रेघोट्या. माझं डोकं फिरलं. आताच तर सगळं घासून ठेवलं होतं, असं म्हणून मी चिंधी उचलली, तर त्यांनी हसत माझा हात धरला आणि फुलीचा अर्थ सांगितला.

मी चिंधी खाली ठेवली. मग विचारलं, निकिताच्या गाडीवर किती फुल्या होत्या.

ते आठवायला लागले आणि त्यांचं हसू गेलं. "दोन, भाभी. एक पुढे, एक खाली मागच्या बाजूला. का?"

ह्यांना फोन लावला, निकिताला लावला. कुणी उचलेना, तिथल्या आवाजात ऐकू काय येणार? आम्ही हारुनभाईंच्या स्कूटरवरून निघालो. सातपूरला सिग्नल, गंगापूर रोडला कुणाची तरी वरात. मी त्या नवरदेवाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की देवाने त्या माझ्याच पदरात घातल्या असतील. मला भीती वाटत होती. सरळ भीती, आपलं मूल मरणार अशी.

पोहोचलो तेव्हा पहिली रेस संपली होती. निकिता दुसरी आली होती. धुळीने माखलेली, दात तेवढे पांढरे, चारचौघांत उभी राहून हसत होती. मला रडूच आलं. ह्यांना वाटलं कौतुकाने आलंय. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि ह्यांनी कपाळाला हात लावला. "झालं तुझं सुरू? आता पाचवं?"

हारुनभाई मध्ये पडले. म्हणाले, "शेठ, खालची ढाल काढून, रंग खरवडून बघू." इंजिनाखालची पत्र्याची ढाल काढायची म्हणजे वीस मिनिटं, आणि दुसरी रेस आठ मिनिटांवर आली होती. दोन्ही रेस मिळून नंबर निघणार होता. ह्यांनी वाकून, हात जाईल तिथवर खालून बोटं फिरवली. रंग गुळगुळीत होता. एक अख्खी रेस उड्या मारून आली गाडी, जोड कच्चा असता तर तेव्हाच सुटला असता, असं ह्यांचं म्हणणं. मग ह्यांनी हारुनभाईंना विचारलं, दोन फुल्या होत्या हे नक्की का. हारुनभाई कधी खोटं बोलत नाहीत. मान खाली घालून ते म्हणाले, त्या सकाळी जहिदाच्या फोनने डोकं ठिकाणावर नव्हतं, दोनच वाटतात, पण शपथ नाही घेता येणार.

म्हणजे उरले मी. निकिता माझ्याकडे वळली. ती चिडलेली नव्हती, हेच मला अजून छळतं.

"आई, पुसलंस तू. खाली मागे खडू होता का? तू स्वतः बघितला असशील तर हो म्हण. मी इथेच थांबते."

मी डोळे मिटले. चिंधी दिसली, काळं ग्रीस दिसलं, रॉकेलचा वास आला. खडू दिसेना. फुली होती ह्याची मला खात्री होती, पण ती खात्री भीतीची होती, डोळ्यांची नव्हती. बघितली कुठे होती मी? मी नुसती पुसत गेले होते.

"आठवत नाही गं," मी म्हणाले. "मी बघितलं नाही."

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरं बोललीस," म्हणाली, आणि हेल्मेट चढवलं. हारुनभाई गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले, हँडलला हात लावून. ह्यांनी त्यांना नाव घेऊन हाक मारली तेव्हा ते बाजूला झाले.

पहिली फेरी नीट गेली. मी दोरीला धरून उभी होते. दुसऱ्या फेरीत मोठ्या उडीवरून ती वर गेली, सगळ्यांच्या वर, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. चाकं जमिनीला लागली आणि गाडी मधोमध खाली बसली, बैल बसतो तशी. मागून येणाऱ्या दोघांना ती दिसलीच नाही. गाडी मोडून आडवी पडली तरी इंजिन फुल्ल आवाजात चालू होतं. ते बंद करायला कुणीतरी ओरडत होतं आणि मी तिचं नाव घेत धावत होते. हारुनभाईंनी इंजिन बंद केलं. नळीच्या तुटक्या तोंडावर वेल्डिंगचे तीन ठिपके होते. त्यांनी ते मला दाखवले नाहीत, पण मी पाहिले. सिव्हिलला पोहोचण्याआधीच निकिता गेली.

लोक भेटायला येत. फुल्यांची गोष्ट सगळ्यांना कळली होती. कुणी मला बोल लावला नाही. उलट, तू तर बिचारी सांगायला धावत गेलीस, म्हणत. हारुनभाई चाळीस दिवस वर्कशॉपला आले नाहीत. मग आले आणि कामाला लागले. हे घरात माझ्याशी जेवणापुरतं बोलत.

परवा संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. हे येऊन समोर बसले आणि माझ्या हातांकडे बघू लागले.

"एवढं खोटं बोलायचीस," ह्यांनी विचारलं, "मग त्या दिवशी काय झालं होतं तुला?"

ह्यांनी ते रागाने विचारलं असतं तर मी भांडले असते. पण ह्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.