रायफलीवर घातलेलं नाव

ज्योतीरामचा कुणावरच विश्वास नव्हता. घरच्या म्हशीच्या धारेतही त्याला पाणी दिसायचं.

वडील गेले आणि त्यांची शिकारीची विलायती रायफल त्याच्या वाट्याला आली. ती विकायची म्हणून पुण्याचे बंदूकवाले बरकतशेट त्याच्या गावी, पिंपळे गुरवला, येऊन गेले. नळीवरची अक्षरं त्यांनी भिंग लावून वाचली आणि म्हणाले, "चीज अस्सल आहे. दुकानी घेऊन या, चांगला भाव देतो."

झालं! ज्योतीरामच्या मनात पाल चुकचुकली. "आत नेऊन बदलली म्हंजे? समद्या बंदुका सारख्याच दिसत्यात."

"मग माज्या हंड्यावानी तिच्यावर बी नाव घालून घ्या!" यशोदाबाई वैतागून नवऱ्याला म्हणाली.

चेष्टाच ती, पण त्याला पटली. भांड्यांवर नावं घालणारा आळीत आलाच होता. नळीवर जागा पुरेना, तेव्हा ज्योतीरामने तिथली बारीक इंग्रजी अक्षरं, आकडे कानशीने घासून काढले आणि टिंबाटिंबांनी आपलं नाव गावासकट घालून घेतलं.

दुकानात बरकतशेटनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"इथला नंबर कुठे गेला?"

"घासला. आता बदलून दावा!"

"अहो, लायसनवर तोच नंबर असतो. नंबर खरवडलेली बंदूक चोरीची धरतात."

"पर नाव माजं हाय की!"

"चोरही स्वतःचंच घालेल."

बरकतशेटनी रायफल अलगद परत सरकवली आणि ज्योतीरामला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ती नजर त्याच्या चांगलीच ओळखीची होती. आजवर ती त्याचीच होती.